दहा फुटांवरून सगळं सारखंच दिसतं

सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फोटो समोर आलाय. दोन कंपन्यांचे इअरबड्स शेजारी शेजारी, मध्ये लाल बाण, वर ठळक अक्षरांत "बघा किती निर्लज्ज कॉपी!" आणि खाली सगळे एका सुरात: केस ठोका. कशावर ठोका? डिझाइनच्या कुठल्या नोंदणीवर? कुठल्या तारखेच्या? एकानेही विचारलेलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

अशा चर्चेत कुणीतरी तो किस्सा आणतोच. आजही आणलाय. ऑक्टोबर २०११, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, ॲपल विरुद्ध सॅमसंग. न्यायाधीश ल्यूसी को यांनी आयपॅड आणि गॅलॅक्सी टॅब १०.१ डोक्याच्या वर धरले आणि सॅमसंगच्या वकील कॅथलीन सलिव्हन यांना विचारलं, यातला तुमचा कुठला? बाई दहाएक फुटांवर उभ्या होत्या. म्हणाल्या, एवढ्या अंतरावरून नाही सांगता येत. किस्सा सांगणारे इथे थांबतात आणि विजयी मुद्रेने आपल्याकडे बघतात. झालं, सिद्ध झालं!

काय सिद्ध झालं? २४ ऑगस्ट २०१२ ला ज्युरीने सॅमसंगला १०५ कोटी डॉलरच्या आसपास दणका दिला, तो मुख्यतः फोनसाठी. तो टॅब, जो दहा फुटांवरून ओळखू आला नाही, त्याने ॲपलच्या टॅब्लेट डिझाइनचं उल्लंघन केलेलं नाही, असं त्याच ज्युरीने ठरवलं. त्याच खटल्यात, त्याच दिवशी. हे कुणी पुढे पाठवत नाही.

ज्युरी कारणं देत नसते, तेव्हा त्यांच्या मनातलं मी सांगत बसत नाही. पण ते चित्र एकदा काढून बघा. ॲपलचं डिझाइन पेटंट, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरचा नोंदवलेला हक्क, क्रमांक डी५०४८८९, अर्ज मार्च २००४ चा, म्हणजे आयपॅड बाजारात येण्याच्या सहा वर्षं आधीचा. चित्रातली पाटी चांगली जाड आहे आणि समोर बटण नाही. मुळात आयपॅडच त्या चित्राबरहुकूम नाही! कोर्टात वर धरला होता आयपॅड, आणि हक्क होता या चित्राचा. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे: तुलना वस्तूची वस्तूशी नसते, समोरच्याची वस्तू आणि तुमचं नोंदवलेलं चित्र यांची असते.

आणि चित्रात काय बघायचं? रेषा. अमेरिकेत सलग रेषेत काढलेलं ते हक्काचं. तुटक रेषेत काढलेलं ते फक्त संदर्भाला, त्यावर दावा नाही. फोनच्या ज्या पेटंटने सॅमसंगला खरा घाम फोडला, त्या डी६१८६७७ मध्ये काळा चकचकीत पुढचा पृष्ठभाग सलग रेषांत आहे आणि फोनचा बाकीचा देह तुटक रेषांत. म्हणजे पाठ गोल करा, चौकोनी करा, सुटका नाही, कारण पाठ मोजतच नाहीत. जितक्या कमी सलग रेषा, तितका हक्क रुंद. पण रुंद हक्काला आधीचं एखादं जुनं डिझाइन आडवं येण्याची भीतीही तितकीच. हा तोल सांभाळणं हेच या धंद्यातलं कसब. दोन फोटोंमध्ये लाल बाण मारणं नव्हे.

तर ज्याला खरंच तुलना करायची आहे त्याने आधी नोंदणी क्रमांक शोधावा. फोटो बाजूला ठेवून नोंदणीतली सगळी दृश्यं उघडावीत: पुढून, मागून, वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून आणि एक तिरकं. सलग काय, तुटक काय, छटा कुठे दिल्यात, रंग मागितलाय का, हे टिपावं. मग अर्जाची तारीख, आणि त्याआधी बाजारात काय काय होतं ते. हे शेवटचं काम कंटाळवाणं, म्हणून कुणी करत नाही, आणि खटले मात्र तिथेच फिरतात. २००८ मध्ये अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाने नखं घासायच्या एका साध्या ठोकळ्याच्या खटल्यात स्पष्टच सांगितलं, की सामान्य ग्राहकाने तुलना करायची ती जुनी डिझाइन्स डोळ्यांसमोर ठेवून. हा 'सामान्य ग्राहक' आला १८७१ च्या चमचे-काट्यांच्या खटल्यातून. त्या काट्याच्या दांड्यावर आज फोन तोलले जातात, गंमतच आहे. युरोपातला मापदंड आणखी कडक आहे. तिथे बघणारा 'जाणता वापरकर्ता' असतो. तज्ज्ञ नाही, पण बाजारातले नमुने ठाऊक असलेला, बारीक नजरेचा. असा माणूस दहा फुटांवरून बघत नाही, वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करतो.

ब्रिटनमध्ये जुलै २०१२ मध्ये न्यायाधीश बर्स यांनी नेमकं हेच केलं. तेच सॅमसंगचे टॅब, समोर ॲपलचं युरोपातलं नोंदणीकृत डिझाइन. पुढून बघता दोन्ही सारखे, हे त्यांनी मान्य केलं. पण पुढची बाजू अशी सपाट आणि मोकळी असलेले नमुने आधीपासूनच होते, म्हणून तिचं वजन घटलं. उरली जाडी आणि पाठ. सॅमसंगचे टॅब फार पातळ, पाठीवर वेगळीच नक्षी. निकाल सॅमसंगच्या बाजूने, आणि वर शेरा की हे टॅब ॲपलच्या डिझाइनइतके 'कूल' नाहीत. हरल्याची नोटीस ॲपलला स्वतःच्या संकेतस्थळावर लावावी लागली. पहिली नोटीस इतकी तिरपागडी लिहिली होती की कोर्टाने ती बदलायला लावली.

आता तुमच्या त्या इअरबड्सकडे येऊ. जरा शांतपणे.

माइक तोंडाच्या दिशेने हवा, अँटेनाला जागा हवी, बॅटरी कुठेतरी बसायला हवी, म्हणून खाली दांडी येते. कानाचं भोक मी किंवा तुम्ही डिझाइन केलेलं नाही. प्लास्टिकचं कवच साच्यातून सुटून यायला भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. भिंतीची जाडी सगळीकडे साधारण सारखी लागते, नाहीतर जाड जागी खळगा पडतो. आतला कोपरा काटकोनी ठेवला तर ताण तिथे साठतो आणि पहिल्याच पडझडीत तडा तिथूनच जातो, म्हणून कोपरे गोल. यातलं किती 'सौंदर्य' आणि किती निव्वळ गरज, हाच वादाचा गाभा. अमेरिकेत तेच काम दुसऱ्या आकारानेही होत असेल, तर आकार केवळ गरजेपोटी आलाय हे पटवणं अवघड. युरोपियन न्यायालयाने २०१८ मध्ये वेगळा रस्ता धरला: पर्यायी आकार आहेत म्हणून सुटका नाही, तो आकार निवडताना तांत्रिक कामाशिवाय दुसरा विचार होता का ते बघा. त्यामुळे एकच वस्तू एका खंडात बचावते आणि दुसऱ्यात अडकते.

आणि एक गोष्ट, जी तो फोटो टाकणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल: सामाईक साचा. चीनमधल्या शेन्झेनच्या पट्ट्यात कित्येक कारखाने इअरबड्स, पॉवर बँक, स्पीकर यांचे साचे स्वतःच्या खर्चाने करून ठेवतात आणि तेच कवच जो मागेल त्या ब्रँडला विकतात. ब्रँड फक्त रंग, ठसा आणि खोका निवडतो. दोन ब्रँडचा माल जुळा दिसतो, कारण तो जुळाच असतो. कुणी कुणाची कॉपी केलेली नसते. दोघांनीही तिसऱ्याकडून विकत घेतलेलं असतं. तपासायचं असेल तर दोन्हींच्या चार्जिंगच्या डब्या उघडा आणि साच्याच्या जोडरेषा, आतल्या पिनांचे गोल ठसे, बिजागरीची खाच जुळवून बघा. एकाच साच्यातून आलेल्या मालावर हे सगळं जागच्या जागी मिळतं. बाहेरून बघून केलेल्या नकलेत आतलं काहीच जुळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याआधी एवढं तरी करा.

ठीक आहे, नक्कल होते. मान्य. ॲपलच्या निळसर पारदर्शक आयमॅकनंतर वर्षभरात, १९९९ मध्ये, दुसऱ्या कंपनीचा तसाच निळा पारदर्शक ई-वन संगणक आला, तेव्हा टोकियोच्या न्यायालयाने विक्री थांबवली ते योग्यच होतं. आणि सॅमसंगचा आयफोनशी पानोपान तुलना करणारा १३२ पानी अंतर्गत अहवाल ज्युरीसमोर आला, तेव्हा त्यांची बाजू लंगडी पडलीच. पुढे बोला.

पुढे असं, की नोंदणीकृत डिझाइनच्या खटल्यात "कॉपी केली का?" हा प्रश्नच नसतो! तुम्ही ते चित्र जन्मात पाहिलेलं नसलं तरी एकूण ठसा तोच उमटला की उल्लंघन झालं. नक्कल सिद्ध करावी लागते ती युरोपातल्या बिननोंदणीच्या हक्कात, आणि तो टिकतो जेमतेम तीन वर्षं. म्हणजे तो फोटोवाला ज्या शब्दावर ओरडतोय, तो नोंदणीच्या खटल्यात गैरलागूच आहे.

खरा संताप यायचा तर तो भरपाईवर येऊ द्या. अमेरिकेच्या कायद्यात डिझाइन पेटंटला नियम आहे 'संपूर्ण नफा': उल्लंघन करणाऱ्याचा सगळा नफा हक्कदाराला. आला कुठून? गालिच्यांच्या खटल्यातून. १८८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गालिच्याची नक्षी चोरल्याबद्दल सहा सेंट मंजूर केले, कारण नक्षीमुळे नफा किती झाला ते दाखवता आलं नाही. ओरड झाली, आणि १८८७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सगळा नफाच देऊन टाकला. गालिच्यापुरतं बरोबर होतं, माणूस गालिचा घेतो तो नक्षीसाठी. पण फोनमध्ये रेडिओ आहे, प्रोसेसर आहे, कॅमेरा आहे, हजारो पेटंटं आहेत, आणि पुढच्या काचेच्या आकारासाठी अख्ख्या फोनचा नफा? २०१६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८-० ने सांगितलं की नफा ज्या 'वस्तू'चा मोजायचा ती अख्खा फोन नसून त्याचा भागही असू शकते. छान. पण भाग कसा ठरवायचा, ते सांगितलंच नाही. प्रकरण परत खालच्या कोर्टात गेलं आणि मे २०१८ मध्ये नव्या ज्युरीने ५३.९ कोटी डॉलर लावले. एवढं रामायण होऊन! पुढच्याच महिन्यात दोघांनी तडजोड केली. सात वर्षं. तोपर्यंत ते फोन कधीच बाजारातून गेले होते.

आणि तो टॅब? त्याच्यावर २६ जून २०१२ ला अमेरिकेत विक्रीबंदी आली. ऑगस्टमध्ये ज्युरी म्हणाली उल्लंघन नाही. तरी बंदी उठायला १ ऑक्टोबर उजाडला. डोक्याच्या वर धरलेल्या त्या टॅब्लेटची खरी गोष्ट ही आहे. मोठ्यांना हे पचतं. जर्मनीत बंदी आली तेव्हा सॅमसंगने कडेची धातूची पट्टी पुढच्या बाजूवर वळवून, स्पीकर पुढे आणून १०.१एन नावाचा नवा प्रकार काही महिन्यांत काढला, आणि तो कोर्टात टिकला. चारजणांच्या कंपनीकडे नवा साचा पाडायला ना पैसा असतो ना तेवढा वेळ.

त्या चारजणांसाठीच थोडं लिहितो, राग बाजूला ठेवून. वस्तू दाखवण्याआधी अर्ज करा. प्रदर्शन, निधी गोळा करण्याचं पान, टीझर, सगळं नंतर. अमेरिका आणि युरोपात स्वतःच उघड केल्यावरही बारा महिने मिळतात, पण चीनमध्ये अशी सरसकट सवलत नाही, आणि साचा बहुधा तिथेच पडणार असतो. पहिल्या अर्जानंतर इतर देशांत तीच तारीख टिकवायला सहाच महिने असतात. शोधाच्या पेटंटला मिळणाऱ्या बारा महिन्यांशी गल्लत करून कित्येकांनी हक्क घालवलेत. गुपित ठेवायचं असेल तर युरोपात प्रसिद्धी तीस महिन्यांपर्यंत लांबवता येते.

चित्रं एकाच थ्रीडी मॉडेलमधून काढा. पुढच्या दृश्यात बटण आहे आणि बाजूच्या दृश्यात त्याचा उंचवटा नाही, अशा विसंगतीवर अर्ज अडकतो, आणि दुरुस्ती म्हणून नवं काही घालता येत नाही. लोगो काढून टाका, नाहीतर तो डिझाइनचा भाग होऊन बसतो. एकच अर्ज करून थांबू नका: एक अख्ख्या वस्तूचा, एक फक्त पुढच्या भागाचा, एक त्या बिजागरीचा जिच्यावर तुमचा जीव आहे. आणि छटांचा मोह टाळा. ब्रिटनमध्ये मुलांच्या बसायच्या सुटकेसचा खटला २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरला, त्यात नोंदणीतल्या करड्या छटांच्या संगणकी चित्रांचा मोठा वाटा होता. चाकं आणि पट्टे गडद दिसत होते, म्हणून तो रंगभेदही डिझाइनचा भाग धरला गेला. नुसत्या रेषा काढल्या असत्या तर हक्क रुंद राहिला असता. कल्पना हुशारीची होती हे न्यायाधीशांनीही मान्य केलं, पण डिझाइनचा हक्क कल्पनेला मिळत नाही. आणि साचा करणाऱ्याशी करार करताना साचा कुणाचा आणि आकार कुणाचा, ही दोन वेगळी कलमं लिहून घ्या. पैसे तुम्ही भरले म्हणून आकार आपोआप तुमचा होत नाही.

तो फोटो आता चौथ्यांदा आलाय, किश्श्यासकट. टाकणाऱ्या मित्रा, बाण पुसून टाक आणि त्या जागी नोंदणी क्रमांक लिही. मग बोलू.