पाईप थरथरला की बेअरिंग गेलं?

एप्रिल लागला की बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरतो: 'बोअरचा पाईप थरथरतोय म्हणजे बेअरिंग गेलं. मोटर लगेच वर काढा, ग्रीस भरून नवं बसवा. कोकणात खारं पाणी बेअरिंग खातं, दरवर्षी बदलाच.'

आधी ग्रीस. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटरीत बॉल बेअरिंग नसतं. वर-खाली बुश, म्हणजे शाफ्टला धरणाऱ्या नळ्या, आणि तळाशी वजन पेलणारं थ्रस्ट बेअरिंग: कार्बनची चकती स्टीलच्या गुळगुळीत पाकळ्यांवर मिनिटाला २९०० च्या आसपास फेरे मारते, मधे पाण्याचा पातळ थर. वंगण तेच. ग्रीस भरणारा भेटला तर मोटर उचला आणि घरी या.

आता थरथर. ती एप्रिलातच का सुरू होते? जांभ्यातलं पाणी झपाट्याने उतरतं. पातळी पंपापाशी आली की तो हवा ओढतो, पाणी गचके देत येतं, पाईप हिसके मारतो. स्टार्टरपाशी टोंग टेस्टर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावायचा अँपिअर मीटर, लावा. अँपिअर खाली-वर नाचतायत आणि तासभर बंद ठेवल्यावर पंप थोडा वेळ नीट चालतोय, तर बोअर आटतेय. मात्र तसाच रेटलात तर बेअरिंग खरोखर जाईल. तिन्ही फेजचे अँपिअर वेगवेगळे असतील तर वायरमनला बोलवा.

मीही एकदा घाई केली. एका कलमबागेत २०० फूट पाईप चेनपुलीने वर घेतला. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहिला, तसूभर खेळ नाही. बोअरच्या तोंडावरचा क्लॅम्प सैल होता, पाईप केसिंगवर, म्हणजे बोअरच्या भोकात घातलेल्या बाहेरच्या नळीवर, आपटत होता. मजुरी मागायला तोंड नव्हतं.

खाऱ्या पाण्याचं अर्धं खरं. खाडीकाठी ते स्टीलला टोचे पाडतं, कार्बनला त्याचं सोयरसुतक नाही. झीज होते रेतीने आणि शेडीने, म्हणजे जांभ्याखालच्या मऊ मातीने. बादली भरून दहा मिनिटं ठेवा, तळाचा साका बोटांत चोळा. करकरला आणि थरथर एकसारखी असेल, अँपिअर चढलेले, पाणी घटलेलं, तर बुश झिजून इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, घासत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा खुशाल मोटर काढा.

पण दरवर्षी? केसिंग कातळापर्यंत न नेता शेडीतच सोडलं असेल, तर गाळ येतच राहणार आणि नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाणार. बोअर मारणाऱ्याने किती फूट केसिंग घातलं, ते बिलावर बघा.