संजीवन सभेआधी समेट

नागपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या एकच विषय आहे: उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, श्रद्धा नव्याने जागवणारी तीन दिवसांची संजीवन सभा घ्यायची की नाही. तरुण संघाला मोठं मैदान हवं, बाहेरचे वक्ते हवेत, स्तुती-आराधनेला बँड हवा. वडीलधारे म्हणतात, आधी दर रविवारी वेळेवर उपासनेला या, मग सभांचं बोला. दोन्हीकडचे फोन मला येतात. मी वेल्समध्ये, स्वान्सीला नर्स आहे आणि या विषयावर इथून गप्प राहणं मला जमत नाही.

कारण लोकांची श्रद्धा पुन्हा पेटवणारी 1904 ची ती प्रसिद्ध जागृती इथल्याच शेजारच्या लखर गावातून पसरली. कोळशाच्या खाणीत राबलेला सव्वीस वर्षांचा इव्हान रॉबर्ट्स तिथल्या मोरिया चॅपेल या प्रार्थनामंदिरात संध्याकाळच्या सभा घेऊ लागला आणि वर्षभरात हजारो लोक ख्रिस्ताकडे वळले. ती बातमी पुण्याजवळच्या केडगावला पोचली. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन या आपल्या स्त्रियांच्या आश्रमात बायकांना रोजच्या प्रार्थनेला बसवलं आणि 1905 च्या जूनमध्ये तिथेही जागृती आली. आपल्याकडे ही गोष्ट सगळे सांगतात, पण गर्दीची आणि अश्रूंचीच सांगतात. रॉबर्ट्सची पहिलीच अट होती की माहीत असलेलं प्रत्येक पाप कबूल करा आणि ज्याचं वाईट केलंत त्याच्याशी मिटवा. त्या दिवसांत इथे लोकांनी जुनी देणी फेडली, वर्षानुवर्षांची भांडणं मिटवली.

आज इथली कित्येक चॅपेलं बंद आहेत, काहींचे फ्लॅट झाले. मी जाते तिथे रविवारी पुढचे दोन बाक जेमतेम भरतात, लहान मूल एकही नाही. नागपुरात ईस्टरच्या पहाटे पोरं झोपाळल्या डोळ्यांनी का होईना, गायला उभी असतात. ती श्रीमंती आपल्याकडे आहे, हे वडीलधाऱ्यांनी विसरू नये. त्या पोरांचा उत्साह खरा आहे.

पण इथे बुधवारी संध्याकाळी चॅपेलच्या मागच्या खोलीत सात-आठ जण जमतात. आपला आठवडा कसा गेला ते एकमेकांना सांगायची वेल्समधली ही रीत अठराव्या शतकापासूनची. हीटर लावायचा, चहा घ्यायचा, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला उतारा वाचायचा आणि बोलायचं. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा एकदा म्हणाले, भावाशी वडिलांच्या घरावरून बोलणं बंद आहे. कोणी उपदेश केला नाही. पुढच्या बुधवारी शेजारच्या बाईंनी फक्त विचारलं, ‘फोन केलात?’ नव्हता केला. त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा केला होता. पवित्रीकरण, म्हणजे माणसाचं हळूहळू पवित्र होत जाणं, म्हणतात ते मला त्या खोलीत दिसलं.

आता आपल्याकडे बघा. मालमत्तेच्या वादावरून आपल्या मंडळीतली दोन घराणी बोलत नाहीत. उपासना सुटली की एक गट गेटपाशी, दुसरा कडुलिंबाखाली. ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या प्रभुभोजनाला मात्र दोघे एकाच कठड्याशी गुडघे टेकतात. वेदीपुढचं दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूने सांगितलंय. ते कुठे गेलं? आणि हे कुठल्या शहरात? 29 नोव्हेंबर 1970 ला वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या जिथे एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली, त्या नागपुरात!

तरुणांना माझं सांगणं, नवं जीवन मैदानातच मिळतं असं नाही. राजनांदगावला निघालेल्या कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने बायबलचा नवा करार दिला. पुढे वाचन, चिंतन, झगडा, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा. त्या डब्यात ना स्टेज होतं ना माइक. वडीलधाऱ्यांनाही सांगते, हजेरी म्हणजे पवित्रता नव्हे. गेटपाशी आणि कडुलिंबाखाली उभे राहणारे बहुतेक तुम्हीच आहात, आणि पोरं ते बघतात.

पाळकसाहेबांना विनंती आहे. मोहननगर, मेकोसाबाग, जिथे जिथे आपली घरं आहेत तिथे सात-आठ जणांचे गट करा. म्हातारे आणि तरुण एकाच गटात बसवा, चाळीस दिवस भेटू द्या. त्या दोन घराण्यांतल्या वडीलधाऱ्यांना तुम्ही स्वतः सोबत घेऊन एकमेकांच्या घरी न्या. त्यानंतर सभा जरूर ठेवा. वर्गणी मी पाठवेन आणि रजा काढून येईनही.