वास येणाऱ्या सर्व वस्तू

फ्लोरिडातल्या ओकालाच्या जंगलात तंबू ठोकून राहायचं तर एक नियम कडक आहे: वास येणारी कुठलीही वस्तू तंबूत ठेवायची नाही. ती गाडीत कुलूपबंद करायची, नाहीतर अस्वलाला उघडता येणार नाही अशा पेटीत. वास येणारी वस्तू म्हणजे नुसतं खाणंपिणं नव्हे. टूथपेस्ट, साबण, लोशन, ओठांचं मलम, उष्टी भांडी, कचरा, सगळं त्यात आलं. नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ब्रेड आणि सफरचंदं घेऊन येणारा माणूस असणार. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई नसणार.

त्यात दिवाळी. आमच्या ऑर्लँडोच्या मित्रमंडळींत एक उत्साही गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, कॅम्पाधिपती म्हणू. ‘फराळ संपवायला जंगलासारखी जागा नाही’ ही त्यांचीच कल्पना. दिवाळीला लागून आलेला नोव्हेंबरचा पहिला शनिवार-रविवार त्यांनी पक्का केला, त्याच जंगलातल्या अलेक्झांडर स्प्रिंग्ज या झऱ्यापाशी जागा राखून टाकल्या आणि मग सर्वांना माहितीपर संदेश पाठवला. त्यातली अस्वलांची माहिती आईने चष्मा लावून दोनदा वाचली. फ्लोरिडात काळी अस्वलं सुमारे ४,०००, आणि ओकालाचं जंगल हे त्यांचं मोठं माहेरघर. थंडीच्या आधी, म्हणजे नेमक्या याच दिवसांत, त्यांची भूक भडकते. एकेक अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं.

“म्हणजे बेसनाचे किती लाडू रे?” आईने विचारलं.

“शंभरेक होतील.”

“मग आपले पुरायचे नाहीत,” असं म्हणून तिने डिंक-मेथीचा आणखी एक घाणा वळायला घेतला.

जंगलात पोचल्यावर पहिलं काम तंबू ठोकण्याचं. त्याबद्दल आजवर इतक्या नवऱ्यांनी लिहून ठेवलंय की मी भर घालत नाही. खाली नुसती वाळू असल्यामुळे खुंट्या आत जाताना लोण्यात गेल्यासारख्या जातात आणि बाहेर येतानाही तशाच येतात, एवढं सांगितलं की पुरे.

खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू झाला. कॅम्पाधिपतींनी प्रत्येक कुटुंबाचं सामान लाकडी टेबलावर मांडायला लावलं आणि वासतपासणी सुरू केली. चकल्या, कडबोळी, चिवडा, शंकरपाळे हे तर गेलेच. लसणाची चटणी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक स्टीलचा डबा भेदून स्वतःच हजर झाली. मग उटणं निघालं. मोती साबण निघाला. कापूर, उदबत्ती, ओवा, सुंठ, खोबरेल तेल. बायकोच्या पर्समध्ये सुगंधी सुपारी सापडली, तिचा माग माझ्या मामापर्यंत जातो. चिरंजीवांच्या मोज्यांवर थोडा वेळ चर्चा झाली. ते खाद्य नाहीत यावर एकमत झालं, पण अस्वलाचं मत कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तेही गाडीत गेले.

अमृतांजनाच्या बाटलीपाशी मात्र आई अडून बसली.

“काकू, नियम आहे,” कॅम्पाधिपती म्हणाले.

“अहो, डोकं माझं दुखतं, अस्वलाचं नाही.”

“तसं नाही काकू, वास—”

“वासाचंच म्हणाल तर सकाळी डोक्याला तेल घातलंय मी. वाटीभर. मग मलाही गाडीतच झोपवा.”

यावर कॅम्पाधिपतींकडे उत्तर नव्हतं. त्यांनी शेजारच्या तंबूकडे मोर्चा वळवला. मी मात्र विचारात पडलो. तिचा मुद्दा बिनतोड होता. कांदा, लसूण, हिंग आणि फोडणीवर पन्नाशीपर्यंत पोसलेला माणूस रात्री झोपेच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचा आणि टूथपेस्ट तेवढी गाडीत कुलपात ठेवायची, हे अस्वलाला फसवणं झालं की स्वतःला?

दुपारी झऱ्यावर गेलो. हा झरा म्हटल्यावर आमच्या आईच्या डोळ्यांपुढे डोंगरकपारीतून ठिबकणारी धार होती, जिच्याखाली हंडा लावून तासभर उखाळ्यापाखाळ्या काढता येतात. इथे तर समोर अख्खं निळं तळं. कडेने पामची झाडं, ओकवर लोंबणाऱ्या करड्या जटा आणि मधोमध तळाशी खडकात एक भगदाड. त्यातून रोज सुमारे २६ कोटी लिटर पाणी बाहेर पडतं. पंप नाही, मोटर नाही, पाणीपट्टी नाही. पाऊस वाळूतून झिरपतो, खालच्या चुनखडीत साठतो, पोकळ्यांतून वाट काढत वर्षानुवर्षं फिरतो आणि मग इथे उसळतो. फ्लोरिडात असे हजारावर झरे आहेत. आमच्याकडे काळ्या कातळातले झरे शिमग्यापर्यंत टिकले तरी गाव खूश असतं, हे आईने तिथे उभ्या असलेल्या एका गोऱ्या आजोबांना मराठीतून समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

पाणी बारा महिने २२ अंश. बाहेर ऊन असो, गारठा असो, ते जमिनीखालून येतं आणि जमिनीखाली ऋतू बदलत नाहीत. जवळच्याच ब्लू स्प्रिंगला शेकडो मॅनाटी, म्हणजे समुद्रगायी, हिवाळ्यात मुक्कामाला येतात. का? नदीपेक्षा झऱ्यात ऊब असते म्हणून. हे मी काठावर उभा राहून चिरंजीवांना ऐटीत सांगितलं आणि पाऊल पाण्यात घातलं.

मॅनाटीचं वजन चार-पाचशे किलो भरतं. तिला २२ अंश ऊबदार लागत असतील. मला घोट्यापासून वर एक कळ गेली ती थेट दाढेत निघाली.

“बाबा, एकदा आत आलं की काही वाटत नाही!” चिरंजीव मधूनच ओरडले.

हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच प्रसंगी ऐकलंय. दाढ काढताना ऐकलं, गृहकर्ज घेताना ऐकलं. म्हणून मी टप्प्याटप्प्याने जायचं ठरवलं. गुडघ्यापर्यंत पुरुषार्थाचा प्रश्न नसतो. मांड्यांपर्यंत माणूस गप्पा मारू शकतो. पण त्यापुढे एक रेषा येते, तिथे गप्पा थांबतात. त्या रेषेवर मी दोन्ही हात वर करून बराच वेळ उभा होतो. पाणी इतकं नितळ की पायाशी फिरणारे मासे माझ्या बोटांकडे बघताना दिसत होते. शेजारून पाच-सहा वर्षांची एक मुलगी धावत आली, उडी मारून आत गेली आणि जाता जाता पोटापासून छातीपर्यंतचं माझं सगळं काम एका फवाऱ्यात उरकून गेली. तिच्या आईने माझी माफी मागितली. मी हसलो. निदान दात तरी दाखवले, कारण ते वाजतच होते.

एवढ्यात काठावरून आईची हाक आली. तिने पाटी वाचली होती. फ्लोरिडातल्या कुठल्याही गोड्या पाण्यात ॲलिगेटर असू शकतो, असा त्या पाटीचा मथितार्थ.

“अरे, इथे मगर असते असं लिहिलंय!”

“असते असं नाही, असू शकते, असं आहे!”

“मग हात वर करून का उभायस?”

रात्र मात्र खरी सत्त्वपरीक्षा ठरली. सगळे नऊलाच आडवे झालो, कारण जंगलात विजेची सोय नाही आणि गप्पांचा साठा शेकोटीबरोबर संपला. जरा डोळा लागतो तोच लांबून धडाम असा आवाज. मग आणखी एक. जमीन किंचित हलली.

“इथेही फटाके?” अंधारातून आई.

“फटाके नाहीत गं. नौदलाचा तळ आहे. बॉम्ब टाकायचा सराव करतात.”

“जंगलात? अस्वलांच्यात?”

ही थाप नाही. ओकालाचं जंगल १९०८ पासून राष्ट्रीय वन आहे, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं पहिलं, आणि त्याच जंगलात पाइनकॅसल नावाची अमेरिकी नौदलाची बॉम्बफेकीची जागा आहे. तिथे खरे बॉम्ब टाकतात. म्हणजे इथल्या अस्वलाला बॉम्बची सवय आहे, पण टूथपेस्टचा मोह आवरत नाही. आईने थोडा विचार केला. “आपल्याकडे दहानंतर बंदी असते,” ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तिच्या तेल लावलेल्या डोक्याचा वास तंबूभर पसरला होता आणि त्यात अमृतांजनाचाही होता. बाटली नेमकी कुठे होती हे मी विचारलं नाही.

अशी रात्र सरता सरत नाही म्हणतात. ही तर कायद्याने सरली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ वाजता अमेरिकेत घड्याळं एक तास मागे करतात. मी एक पन्नासला जागा होतो, मुळांवर पाठ टेकून, मोबाइलकडे बघत. एक एकोणसाठ झाले. आणि मग परत एक. एरवी या जादा तासाच्या झोपेची मी वर्षभर वाट बघतो.

दुसऱ्यांदा एक वाजले तेव्हा मला बाहेर जाणं भाग पडलं. डोक्याला दिवा बांधून चेन उघडली, चार पावलं टाकली आणि उजवीकडच्या पाचोळ्यात कुणीतरी जड पावलांनी चालायला लागलं. खरसर, खरसर, मग फूं असा श्वास. अस्वल समोर आलं तर काय करावं हे माहितीपर संदेशात होतं. पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरकायचं. काय बोलायचं ते मात्र कॅम्पाधिपतींनी लिहिलं नव्हतं. अस्वल इथलंच, तेव्हा मी इंग्रजीत सुरुवात केली. “एक्स्क्यूज मी,” म्हणालो. “सॉरी. वी आर जस्ट व्हिजिटिंग.” खरसर थांबली. मग करवतीसारखे देठ असलेल्या सॉ पामेटोच्या झुडपाखालून मांजराएवढा एक आर्माडिलो, म्हणजे अंगावर कवच असलेला प्राणी, बाहेर आला, माझ्या चपलेपर्यंत येऊन त्याने तिचा वास घेतला आणि कंटाळून निघून गेला. तंबूत परतल्यावर बायकोने विचारलं, “कुणाशी बोलत होतास?” मी म्हटलं, फोनवर. ती म्हणाली, “इथे रेंज नाही.” आणि झोपली.

सकाळी पारा नऊ अंशांवर. चहा करायला हात वळेनात. आणि बघतो तर आईची खाट, म्हणजे हवा भरलेली गादी, रिकामी. धावत झऱ्याकडे गेलो. पाण्यावर वाफ तरंगत होती आणि त्या वाफेत गळ्यापर्यंत बुडून माझी आई बसली होती. शेजारी कालचे गोरे आजोबा होते.

“कडकडीत नाही, पण बरं आहे,” ती म्हणाली. “ये आत. काल उगाच नाचत होतास.”

नऊ अंशांतून २२ अंशांत उतरलं की ते गरम लागतं, हे शास्त्र मला समजतं. तरीही काल ज्या पाण्याने माझी दाढ हलवली त्यात आई गीझर लावल्यासारखी बसलेली बघणं मनाला लागतं. उटणं गाडीत कुलपात, आणि झऱ्यात साबण लावायला मनाई, त्यामुळे अभ्यंगस्नान कोरडंच झालं अशी तिची तक्रार होती. आजोबांनी पुन्हा मान डोलावली. मीही उतरलो. छान होतं. काठावर टॉवेल विसरलाय हे बाहेर येताना कळलं.

तंबूकडे परतलो तर टेबलाभोवती गर्दी. कालच्या वासतपासणीतून एक डबा निसटला होता. आईच्या विणकामाच्या पिशवीत, लोकरीच्या गुंड्यांखाली. ती पिशवी टेबलाखालीच राहिली होती. लोकर पार ओकच्या बुंध्यापर्यंत गेली होती. स्टीलच्या डब्याचं झाकण सुबकपणे काढून बाजूला ठेवलं होतं, आणि वाळूत लहान मुलाच्या हातासारखे पंजे उमटले होते.

“रकून,” कॅम्पाधिपतींनी निदान केलं. “अस्वल असतं तर डबाच राहिला नसता. नशीब समजा काकू.”

पण आई डब्यात बघत होती. डिंक-मेथीचे सगळे लाडू जिथल्या तिथे होते. फक्त वरच्या एका लाडवाला एक बारीकसा चावा होता आणि तो लाडू पुन्हा डब्यात ठेवलेला होता. जनावराने एक घास घेतला होता, विचार केला होता आणि परत जागेवर ठेवला होता.

“जंगली जनावर आहे गं, त्याला काय कळतंय,” मी म्हणालो.

“कालची कचऱ्याची पेटी चाटून गेलंय ते,” आई म्हणाली. “केळ्याची सालंसुद्धा सोडली नाहीत. माझा लाडू तेवढा नको झाला.”

“काकू, मेथी कडू लागली असेल,” कॅम्पाधिपतींनी समजूत घातली.

“कडू? अहो, मेथी दोन दिवस तुपात भिजवलीय!”

मग तिने डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांना एक घ्यावाच लागला, आणि ती समोर उभी असल्यामुळे पूर्ण खावाही लागला.