महागड्या घड्याळाच्या मालकास काही नम्र सूचना

आपण यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावात राहत असाल, आणि कापसाला यंदा बरा भाव मिळाल्यामुळे किंवा अधिक महिन्यात सासऱ्यांनी जावयाचे कोड पुरविल्यामुळे नागपूरच्या झगमगीत शोरूममधले स्वित्झर्लंडचे ऑटोमॅटिक घड्याळ आपल्या मनगटावर चढले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. मात्र वर्ष उलटायच्या आत ते मागे पडू लागले आहे आणि मधूनच बंदही पडते, अशी कुरकुर आपण पानटपरीवर करता असे कानावर आले आहे. ही कुरकुर लाखाच्या घड्याळास शोभत नाही. वेळच पाहायची होती तर तालुक्याच्या बाजारात काहीशे रुपयांत सेलवर चालणारे साधे क्वार्ट्झ घड्याळ मिळाले असते, ज्यात महिन्याकाठी अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक सहसा पडत नाही.

मुळात अचूकतेविषयीच्या आपल्या कल्पना जरा खेडवळ आहेत. स्वित्झर्लंडमधील क्रोनोमीटर (म्हणजे अचूकतेत उत्तीर्ण घड्याळ) चाचणी संस्था घड्याळाच्या यंत्राची १५ दिवस, पाच निरनिराळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांत परीक्षा घेते, आणि दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट देऊन त्याला उत्तीर्ण करते. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेले घड्याळसुद्धा महिन्याला तीन मिनिटे पुढे जाऊ शकते. त्यातही ३८ अंश हा त्या परीक्षेतला उन्हाळ्याचा कळस आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, तेव्हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारल्याचा दोष आपल्याकडेच येतो. शिवाय भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरलेली असल्याने यवतमाळात सूर्यच त्या वेळेपेक्षा सरासरी सतरा-अठरा मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. तेव्हा आपले घड्याळ तेवढेच मागे पडले असेल तर त्याला बिघडलेले म्हणू नये. ते स्थानिक झाले आहे.

इतके समजावूनही आपण नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला जाणारच असाल, तर पहाटेची एसटी धरावी आणि काउंटरवर नम्रपणे उत्तरे द्यावीत. ऑटोमॅटिक घड्याळ मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरून घेते, त्यामुळे आपला हात पुरेसा हलत नसावा, असे आपल्याला प्रथम सांगण्यात येईल. दिवसभर डवरणी करून पाठीवर फवारणीचा पंप वाहिलेल्या माणसाला हे ऐकताना हसू येणे साहजिक आहे, पण आपण कामाचा तपशील देण्याचा मोह टाळावा. कारण तो दिला की हात गरजेपेक्षा जास्त हलतो, यंत्राला धक्के बसतात आणि धक्क्याचे नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे पुढचे वाक्य तयारच असते. हात न हलविणारा मालक निष्काळजी आणि हात हलविणारा मालक दांडगा, या दोहोंच्या मधोमध कंपनीला हवा असलेला ग्राहक कोठेतरी वातानुकूलित खोलीत बसलेला असावा. त्यानंतर चुंबकत्वाची पाळी येते. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरातले चुंबक किंवा विहिरीवरची मोटर यांपैकी कशाजवळ तरी घड्याळ गेले असणारच. चुंबकत्वाने यंत्राचा ठेका राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बहुधा पुढे पळते. आपले तर मागे पडते आहे. हा भेद लक्षात आला तरी बोलून दाखवू नये, कारण काउंटरवरच्या मुलाच्या छापील उत्तरांत त्याची सोय नसते.

तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडसमोर काचेच्या पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजी आपल्या ओळखीचा असेलच. पेट्रोलची वाटी, जुना टूथब्रश आणि चिमटा एवढ्यावर त्याने एचएमटीच्या जमान्यापासून अर्धा तालुका वेळेवर ठेवला. त्याच्याकडे चुकूनही जाऊ नये. तो घड्याळ कानाला लावील, मागचे झाकण बोटाने चाचपील आणि म्हणेल, "भाऊ, खोलतो म्हटलं तर आत्ता खोलतो, पण मंग तुमची वॉरंटी जाईन." एवढा प्रामाणिकपणा लक्झरी व्यवहारात अगदीच अस्थानी आहे.

घड्याळ जमा केल्यावर ते नागपुरातून मुंबईला जाते, मुंबईत त्याची तपासणी होते आणि तपासणीत असे निघते की पार्ट परदेशातून यायचा आहे. तूर पेरणीपासून कापणीपर्यंत येईल, पण पार्ट येणार नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असे आपण उगाच सरकारला हिणवत आलो. इथे निदान थांबण्यासाठी लाखभर रुपये भरल्याची पावती तरी हाती असते. या साऱ्या व्यवहारात अचूक चालणारी एकच गोष्ट म्हणजे वॉरंटीची मुदत. घड्याळ मुंबईच्या कपाटात बंद पडलेले असतानाही ती एक सेकंद मागे पडत नाही.

या काळात काही उपद्व्यापी मंडळी आपल्या कानी लागतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दुकान नागपुरात असले तरी तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या किंवा पैसे परत करा असा आदेश आयोग देऊ शकतो, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन लावता येतो, असे ते सांगतील. हे सारे खरे आहे, म्हणूनच ऐकू नये. त्यापायी आपण बिल, जॉबशीट आणि आलेले प्रत्येक उत्तर तारखेसह एका फाइलीत लावू लागाल, तोंडी विचारणा सोडून लेखी विचारू लागाल आणि मग काउंटरवरचा मुलगा आपल्याला एकाएकी साहेब म्हणू लागेल. इतकी वर्षे जपलेला साधेपणा अशाने बिघडतो.

शेवटी कधीतरी घड्याळ तयार असल्याचा निरोप येईल. पुन्हा पहाटेची एसटी धरावी, डबी उघडण्याआधीच "समाधानकारक स्थितीत मिळाले" या छापील ओळीखाली सही करावी आणि तारीख मात्र समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून लिहावी, कारण आपल्या घड्याळात ३१ जूनही उजाडतो.