१६० चौरस फुटांची सुट्टी

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. माझ्या सासूबाई तिथल्या एका खोलीत आठ माणसांत वाढल्या, आणि तिथून बाहेर पडायला त्यांच्या माहेरची दोन पिढ्यांची कमाई खर्ची पडली. आता त्या चाळी पाडून रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं द्यायचं काम चाललंय. नेमका हाच मुहूर्त साधून आम्ही मुलुंडच्या वन बीएचकेला कुलूप लावलं आणि चांगले घसघशीत पैसे मोजून चौघं जण १६० चौरस फुटांत राहायला गेलो. याला क्रूझ म्हणतात.

मुंबई–गोवा–मुंबई. खिडकी नसलेली, जहाजाच्या पोटातली केबिन सगळ्यांत स्वस्त असते. साधारण १५० ते १८० चौरस फूट. जाहिरातीतल्या फोटोत तिच्यात बॅडमिंटन खेळता येईल असं वाटतं. फोटोग्राफर बहुधा बाथरूममध्ये, कमोडवर उभा राहून तो फोटो काढत असावा. प्रत्यक्षात दार उघडलं की समोर पलंगच. खाली दोन, आणि भिंतीतून उघडणारे वर दोन. सासूबाई दारात थांबल्या, नजर डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवली. तेवढ्यात खोली संपली.

"आमच्या खोलीएवढीच आहे की गं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे फक्त संडास मजल्याच्या टोकाला होता. इथे पलंगाच्या टोकाला आहे."

तयारी मी जय्यत केली होती. रात्र-रात्र व्हिडिओ बघितले होते. त्यातल्या बायका हसत हसत सहा माणसांचा संसार एका कपाटात बसवतात आणि वर कोपऱ्यात फुलदाणी ठेवतात. मी रंगीत पाऊच आणले: निळा नवऱ्याचा, हिरवा सासूबाईंचा, पिवळा माझा, लाल औषधांचा. लेकीचा गुलाबी होता, पण तिने तो दोन बोटांत धरून "आई, सीरियसली?" असं विचारल्यावर काळा झाला. दारावर अडकवायचा खिसेवाला ऑर्गनायझर आणला. जहाजाच्या केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात म्हणून क्रॉफर्ड मार्केटजवळून मॅग्नेटचे हुक आणले. नवऱ्याने विजेचं खातं स्वतःकडे घेतलं आणि सहा प्लगचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. सासूबाईंनी घेतली एक कापडी पिशवी. तिच्यात सुंठेची पूड, आवळासुपारी, सेफ्टी पिनांची माळ, सुतळीचं गुंडाळं आणि "असू दे" म्हणून मेणबत्तीचं एक बुटूक.

बॅलार्ड पिअरला पोचताच माझी सगळी शिस्त माझ्या हातातून काढून घेण्यात आली. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच द्यायच्या असतात. त्यांना केबिनच्या नंबराची पट्टी लावतात आणि त्या संध्याकाळपर्यंत कधीतरी तुमच्या दाराशी येऊन पडतात. सासूबाई बॅग सोडेनात. "हमालाचा बिल्ला नंबर लिहून घे," त्या मला सारखं सांगत होत्या. त्या मुलाच्या दंडाला बिल्ला नव्हता, इस्त्रीचा टी-शर्ट होता, म्हणून त्यांचा त्याच्यावर अजिबात विश्वास बसला नाही.

पुढे एक्स-रे मशीनपाशी नवऱ्याला बाजूला घेतलं. भर समुद्रात कप्तानाला सगळ्यांत मोठी धास्ती असते ती आगीची. बुडण्याचा नंबर नंतर. त्यामुळे इस्त्री, किटली, असले बोर्ड, यातलं काही वर नेऊ देत नाहीत. नवऱ्याने "चार माणसं, चार मोबाइल" असा युक्तिवाद मांडून पाहिला. अधिकाऱ्याने शांतपणे पावती फाडली. त्याच पावतीवर दुसऱ्या ओळीत त्याने लिहिलं: मेणबत्ती, वापरलेली, एक. मायलेकांनी एकमेकांकडे अशा काही अभिमानाने पाहिलं की मला त्या दोघांपासून थोडं लांब उभं राहावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत बॅगा नाहीत. म्हणजे पाचही रंगांचे पाऊच जहाजाच्या कुठल्यातरी मजल्यावर सुखरूप होते आणि आमच्याकडे संसार म्हणावा असा होता तो सासूबाईंच्या पिशवीतला. पोटात ढवळलं तेव्हा सुंठ तिच्यातूनच निघाली. लेकीच्या ड्रेसचा बंद तुटला, पिन तिच्यातूनच. मी लाल पाऊचबद्दल काही बोलले नाही.

कपाट उघडलं तर वरचा अख्खा खण नारिंगी लाइफ जॅकेटांनी भरलेला. टायटॅनिक बुडालं १९१२ साली. त्यानंतर १९१४ मध्ये बऱ्याच देशांनी लंडनमध्ये बसून समुद्रावर जीव कसे वाचवायचे याचा करार केला. त्याला सोलास म्हणतात, आणि तो अजून, सुधारून सुधारून, लागू आहे. करार उत्तमच आहे. पण त्याची अंमलबजावणी नेमकी आमच्या साड्यांच्या खणात झाली होती. सासूबाईंनी ती जॅकेटं पलंगाखाली सारून तिथे पिशवी ठेवली. केबिन आवरायला येणारा मुलगा कुडाळचा निघाला. त्याने पिशवी नम्रपणे खाली ठेवून जॅकेटं परत वर लावली. त्यांनी परत काढली. त्याने परत लावली. दोघंही एकमेकांना एक शब्द बोलले नाहीत. पुढे मात्र गावाकडच्या भातापासून त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत सगळं बोलून झालं, आणि जॅकेटं जिथल्या तिथे राहिली.

आता वस्तूंचं म्हणाल तर त्या बसतात. खरंच बसतात. रिकाम्या बॅगा एकीत एक घालून पलंगाखाली गेल्या. भिंतीवर हुक खट्‌कन चिकटले; त्यांवर टोप्या, पर्स, चष्म्याचं घर. बाथरूमच्या भिंतीत एक स्टीलचं बटण होतं, त्याला हात लावू नका, अलार्म असेल, असं लेकीने बजावलं होतं. सासूबाईंनी ते धरून ओढलं. आतून सर्रकन दोरी आली आणि समोरच्या खुंटीला अडकली. कपडे वाळत घालायची दोरी! पाच मिनिटांत तिच्यावर ओला टॉवेल, दोन रुमाल आणि नवऱ्याचा बनियन. या दोरीबद्दल मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत चकार शब्द नव्हता.

बसत नाहीत ती माणसं. पलंग आणि कपाट यांच्यामधली वाट एका माणसाची, तीही श्वास सोडलेल्या. कपाटाचं दार उघडलं की बाथरूमचं उघडत नाही. बाथरूमचं उघडलं की खुर्ची ओढता येत नाही. खुर्ची आत सरकवली तरच वरच्या पलंगाची शिडी लागते, आणि शिडी लागली की कपाट बंद. पहिल्या संध्याकाळी जेवायला जाताना चौघंही एकदम तयार व्हायला उठलो. लेक बाथरूममध्ये अडकली, नवरा शिडीवर, मी कपाटाच्या दाराआड एक हात ब्लाउजमध्ये घालून, आणि कुणालाच हलता येईना.

सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला जायच्या. डेकवर चादर अंथरली की तेवढी जागा आपली; कडेला ट्रंक, ट्रंकेवर धाकटा भाऊ, भावाच्या मांडीवर पिशवी. बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पुढे पडावातून किनारा गाठायचा. त्यांना गर्दीची भीती नाही. त्यांनी एकच हुकूम सोडला.

"पुरुषांनी बाहेर व्हा."

"अगं आई, बाहेर म्हणजे कुठे?" शिडीवरून पुरुष म्हणाला.

"गॅलरीत जा."

चाळीत सकाळी बायकांची आवराआवर चालू असताना पुरुषमाणूस दात घासत गॅलरीत उभा राहायचा, हे त्यांच्या लेखी निसर्गनियमासारखं होतं. नवरा केबिनबाहेरच्या पॅसेजमध्ये गेला. हाफ पँट, गळ्यात टॉवेल, हातात दाढीचं सामान. अर्ध्या तासाने मी डोकावून पाहिलं तर त्या लांबलचक पॅसेजमध्ये दर दोन-तीन दारांआड एकेक नवरा उभा. कुणी बोरिवलीचा, कुणी ठाण्याचा, एक जण थेट नाशिकहून आलेला. आमच्या ह्याने तोवर बोरिवलीच्या गृहस्थांकडून पुनर्विकासातल्या एफएसआयचं गणित समजावून घेतलं होतं. पुढे तो सांगितल्याशिवायच बाहेर जायला लागला. कधी कधी आम्ही आत कुणीच तयार होत नसलो तरी जायचा.

एक गोष्ट मात्र सासूबाईंमुळेच अडली. कुडाळच्या मुलाने टॉवेलची घडी घालून हत्ती केला आणि टेबलावर ठेवला. सोंड, कान, वर कागदाचे डोळे. सासूबाईंनी हात जोडले. "याने अंग कसं पुसणार?" हत्ती हलवायचा नाही. त्याच्यासमोर ब्रश ठेवायचा नाही. त्याच्याकडे पाय करून झोपायचं नाही. केबिनमधल्या एकुलत्या एका टेबलावर आता त्याचा मुक्काम; कडेला दोन सॉकेटांत चार मोबाइल पाळीपाळीने, आणि वायर त्याच्या सोंडेला लागू न देता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने हत्ती सोडून त्याचा हंस केला. केबिनमध्ये शिरताच सासूबाई क्षणभर गप्प झाल्या, मग "गेले वाटतं गावाला" म्हणाल्या, आणि हंसाने लगेच तोंड पुसलं.

रात्रींविषयी थोडक्यात. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा मालवला की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून पाहावं लागतं. दिवे दारातल्या खोबणीत कार्ड खोचलं तरच लागतात. नवरा सवयीने कार्ड खिशात घालून बाहेर पडला की आत आम्ही तिघी जागच्या जागी थिजायचो. सकाळ झाली हे कळायचा एकच मार्ग होता. टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या नाकासमोरचा कॅमेरा दिसायचा. सासूबाईंनी ती आपली खिडकी ठरवून टाकली. आवाज नाही, माणूस नाही, नुसता समुद्र, आणि रात्री तर तोही नाही, नुसता काळा चौकोन. त्या तासन्‌तास बघायच्या. मालिकेपेक्षा बरं आहे म्हणाल्या, कुणी कुणाला विष घालत नाही.

जहाज झुलायला लागलं की कपाटातून आवाज सुरू व्हायचा. टक. टक-टक. टक. रिकामे हँगर. नवरा वरच्या पलंगावरून, छताला नाक लागू न देता, पोटावर सरपटत खाली उतरला आणि बाथरूमच्या उंच उंबरठ्याला अंगठा ठेचून परत वर गेला. लेकीने कानात इअरफोन घातले. मी हँगर पिवळ्या पाऊचमध्ये कसे बसतील याचा विचार करत होते. सासूबाईंनी अंधारात पिशवी चाचपली, उठल्या, सुतळीच्या एका वेढ्यात सगळे हँगर आवळले आणि झोपल्या. मग घोरण्याचा आवाज सुरू झाला. त्याला सुतळी चालत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्ट्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या उचलून नेतात आणि सकाळी उतरल्यावर टर्मिनलवर मिळतात. तिथे मी माझी सगळी हुशारी पणाला लावली. एकेक पाऊच, एकेक हुक, ऑर्गनायझरच्या खिशांतली शेवटची क्लिपसुद्धा बॅगेत. पलंगाखाली टॉर्च मारून पाहिलं. केबिन इतकी लख्ख की कुडाळचा मुलगा म्हणाला, ताई, असं कुणी ठेवत नाही. रात्री बॅगा गेल्या. सकाळी नवरा वरच्या पलंगावरून उतरला आणि म्हणाला, "माझी पँट?"

पँट कुठे आहे हे मला अगदी अचूक ठाऊक होतं. निळ्या पाऊचमध्ये, उजव्या बाजूला, दुमडून.

त्यामुळे आमची मिरवणूक बॅलार्ड पिअरला उतरली ती अशी: पुढे सासूबाई पिशवी घेऊन, मागे लेक ओळख न दाखवता, मग मी, आणि शेवटी वर फुल शर्ट, खाली फ्लोरल बर्म्युडा आणि पायांत काळे बूट घातलेला नवरा. बॅगांच्या ढिगाऱ्यात बॅग ओळखू यावी म्हणून मी तिला लाल रिबीन बांधली होती. ढिगाऱ्यात निम्म्या बॅगांना लाल रिबीन. सासूबाईंनी त्यांच्या बॅगेला जुन्या इरकलीचा काठ फाडून बांधला होता. ती पहिल्या मिनिटात सापडली, आणि त्या तिच्यावर बसून आमचा शोध बघत राहिल्या.

नवरा एका खांबाच्या आडोशाला उभा राहायला गेला, तर तिथे आधीच कुणीतरी होतं. बोरिवलीचे गृहस्थ. वर कोट, खाली नाइट पँट, तिच्यावर छोटे छोटे अस्वलाचे चेहरे.

नवऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमची कुठल्या रंगाच्या पाऊचमध्ये?"