डार्नल्ड, जेट्स आणि तीन वर्षांचा हिशोब

अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू यॉर्क जेट्सने आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) सॅम डार्नल्ड याला कॅरोलायना संघाला देऊन टाकलं तेव्हा तो 23 वर्षांचा होता. एप्रिल 2021. तीन सीझन, 38 सामने, त्यातले जिंकलेले 13. आमच्या न्यू जर्सीत तेव्हा हळहळणारं मला तरी कोणी भेटलं नाही. सुटलो एकदाचे, असाच सूर होता. पुढे तो कॅरोलायनात चालला नाही, सॅन फ्रान्सिस्कोत एक वर्ष राखीव म्हणून बसला, 2024 मध्ये मिनेसोटाकडून खेळताना संघाने 14-3 (14 विजय, 3 पराभव) केलं आणि फेब्रुवारी 2026 मध्ये सिएटलकडून त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तोही कोणाविरुद्ध, तर पेट्रियट्सविरुद्ध. ऑक्टोबर 2019 मध्ये याच पेट्रियट्सनी जेट्सला 33-0 असं धुतलं होतं. त्या रात्री साइडलाइनवर बसलेला डार्नल्ड ‘मला भुतं दिसतायत’ म्हणाला आणि टीव्हीच्या माइकने ते अख्ख्या देशाला ऐकवलं.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच भांडण चालू आहे. तरुण क्वार्टरबॅकसाठी संघाने थांबायचं तरी किती? मी म्हणते, तीन पूर्ण सीझन. पण मोजायला सुरुवात कधी करायची, खरी मारामारी तिथे आहे.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. कोच त्यातून खेळी सांगतो, पण प्ले क्लॉकवर (खेळी सुरू करायला दिलेल्या वेळेच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की आवाज बंद. मग समोरचा डिफेन्स कसा उभा आहे, कोण अंगावर धावून येणार, कुठला रिसीव्हर (पास झेलणारा) कुठे पोचणार, हे सगळं त्याचं त्याने ओळखायचं. बॉल हातात आल्यावर अडीच-तीन सेकंद मिळतात. कॉलेजात रिसीव्हर मोकळा दिसला की फेकायचं असतं. इथे तो मोकळा व्हायच्या आधीच बॉल हातातून सुटलेला असावा लागतो. ही नजर सामन्यात मार खाल्ल्याशिवाय येत नाही. पेटन मॅनिंगने 1998 मध्ये पहिल्या वर्षी 28 इंटरसेप्शन दिले (म्हणजे तेवढे पास समोरच्या संघाने पकडले), संघ 3-13. पुढच्याच वर्षी तोच संघ 13-3.

क्रिकेटमध्ये निदान पोराला सहाव्या नंबरवर लपवता येतं. आपला रोहित 2007 मध्ये भारताकडून खेळला, 2011 च्या वर्ल्ड कपच्या संघात नव्हता आणि 2013 मध्ये कायमचा सलामीला गेल्यावर त्याच वर्षी 209 ठोकले. मधली वर्षं त्याला खाली-वर करत काढता आली, कारण धावा करायला बाकीचे होते. क्वार्टरबॅकला लपायला जागाच नाही.

आता हे तीन वर्षांचं घड्याळ आलं कुठून? मोठा भाग पैशाचा आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या करारापासून ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीतून) आलेल्यांचे पगार बांधलेले आहेत. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. ती मर्जी तिसरा सीझन झाला की मे महिन्याच्या सुरुवातीला कळवावी लागते आणि 2020 च्या करारापासून एकदा हो म्हटलं की ती रक्कम पूर्ण हमीची. म्हणजे पोरगा किती शिकला यापेक्षा मे महिना जवळ आला, यावर त्याचं नशीब ठरतं. त्यात सी. जे. स्ट्राउड किंवा जेडन डॅनियल्ससारखा एखादा पहिल्याच वर्षी संघाला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) नेतो आणि बाकीच्या मालकांचा उरलासुरला धीर सुटतो.

माझ्या मते बफेलोने जॉश ॲलनच्या बाबतीत जे केलं, ते प्रत्येक जनरल मॅनेजरला घोटून पाठ करायला लावलं पाहिजे. 2018 मध्ये सातव्या नंबरवर घेतलेला हा पोरगा. हात तोफेसारखा आणि नेम राम भरोसे. पहिल्या वर्षी त्याचे 52.8 टक्के पास पूर्ण झाले, दुसऱ्या वर्षी 58.8. आकडे बघून तेव्हा लोकांनी त्याच्या नावाने आंघोळ केली होती. बफेलोने काय केलं? हेड कोच तोच ठेवला, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) तोच ठेवला. दुसऱ्या वर्षी नवा सेंटर (क्वार्टरबॅकच्या हातात बॉल देणारा) आणला, जॉन ब्राउन आणि कोल बीसली हे रिसीव्हर आणले. तिसऱ्या वर्षाआधी पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) मोजून स्टेफॉन डिग्ज आणला. तिसऱ्या वर्षी टक्केवारी 69.2 आणि संघ 13-3. पुढे 2024 चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). यात ॲलनची मेहनत आहेच, पण त्याला दर वर्षी नव्या कोचची नवी भाषा शिकावी लागली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

डार्नल्डला दुसऱ्याच वर्षी नवा हेड कोच मिळाला. त्या कोचच्या दुसऱ्या वर्षी जेट्स 2-14. त्याला तीन वर्षं दिली असं जेट्सवाले म्हणतात, पण कोच धरून मी मोजते तेव्हा एक अधिक दोन येतात, आणि त्या दोनांतही धड काही हाताशी नव्हतं.

नुसतं थांबून काही होत नाही, हेही तितकंच खरं. ह्यूस्टनने 2002 मध्ये डेव्हिड कारला पहिल्या नंबरवर घेतलं आणि पहिल्याच सीझनमध्ये तो 76 वेळा सॅक झाला (पास फेकायच्या आधीच पाडला गेला). हा विक्रम अजून मोडलेला नाही. पाच वर्षं त्याला खेळवत राहिले. त्याला संयम म्हणायचं की छळ, ते तुम्हीच ठरवा.

उलट सॅन फ्रान्सिस्कोने ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीचे तीन पिक्स मोजले, चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळवला आणि 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या पिकवर डॅलसला देऊन टाकला. मला त्यात काही चूक दिसत नाही. ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी, 262 व्या नंबरवर घेतलेला ब्रॉक पर्डी समोर जिंकून दाखवत असताना लान्ससाठी कशाला थांबायचं? एका पोराच्या शिक्षणासाठी 53 जणांचा संघ ताटकळत ठेवताना हेही बघायला हवं की त्यातल्या बऱ्याच जणांच्या कराराला पुढच्या वर्षाची हमी नसते. तिशीतल्या रिसीव्हरला ‘दोन वर्षांनी आपण चांगले होऊ’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि जायंट्स, न्यू यॉर्कचाच दुसरा संघ. डॅनियल जोन्सला तीन वर्षं खेळवून पाचव्या वर्षाला नाही म्हटलं, मग चौथ्या वर्षी एक बरा सीझन बघून मार्च 2023 मध्ये चार वर्षांचे 16 कोटी डॉलर लिहून दिले. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याला मोकळा केला. तिसऱ्या वर्षानंतर घेतलेला निर्णय चौथ्या वर्षाच्या आनंदात फिरवायचा नसतो, एवढंच म्हणते. (जायंट्सवाल्यांनो, कमेंटमध्ये या.)

ब्राइस यंगचं प्रकरण सगळ्यात विचित्र. कॅरोलायनाने त्याच्यासाठी डी. जे. मूर आणि पिक्सचा ढीग शिकागोला दिला. 2023 मध्ये तो 62 वेळा सॅक झाला, संघ 2-15, कोचला 11 सामन्यांनंतर नारळ. 2024 मध्ये नव्या कोचने दोन सामन्यांनंतर यंगला बाकावर बसवून अँडी डाल्टनला आणलं. ऑक्टोबरमध्ये डाल्टनच्या गाडीला अपघात झाला, अंगठा दुखावला आणि नाइलाजाने यंग परत आला. परतल्यावर तो वेगळाच खेळला आणि 2025 मध्ये 8-9 असूनही संघ डिव्हिजन (आपला गट) जिंकून प्लेऑफमध्ये गेला. त्या अंगठ्याला काही झालं नसतं तर आज यंग कुठल्या शहरात राखीव म्हणून टोपी घालून उभा असता, कोण जाणे.

माझ्या हिशोबाला एक छेद मात्र मीच देते. ड्रेक मेच्या पहिल्या वर्षी पेट्रियट्स 4-13 होते. त्यांनी एका वर्षात हेड कोच काढला, माइक व्रेबलला आणलं आणि दुसऱ्याच वर्षी सुपर बोलपर्यंत पोचले. म्हणजे वाईट कोच केवळ सातत्य म्हणून ठेवू नका. बदलायचा तर पहिल्याच वर्षी बदला आणि त्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागा.

जेट्सकडे 2027 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीचे तीन पिक्स आहेत. एक स्वतःचा, दोन सॉस गार्डनर आणि क्विनेन विल्यम्स हे खेळाडू विकून मिळवलेले. त्यातला एक क्वार्टरबॅकवर जायची दाट शक्यता आहे. माझी मागणी साधी आहे: ज्या हेड कोचला 2029 पर्यंत ठेवायची तयारी नाही, त्याच्या हाती तो पोरगा देऊ नका. तेवढी तयारी नसेल तर त्या पिकवर लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा खेळाडू) घ्या आणि एक-दोन वर्षं कोणीतरी अनुभवी, पडेल भावाचा क्वार्टरबॅक खेळवा. हरलो तरी चालेल, हरायची सवय आहे.