काकूंनी लावलेला भाव

व्हिजिटिंग कार्ड ठेवायच्या, चांदीच्या तारांची जाळी असलेल्या डबीची एक तार सुटलेली, तिला फक्त डाग द्यायचा, म्हणजे जोडून घ्यायची होती. सराफाने डबी न बघताच काट्यावर टाकली आणि म्हणाला, "मोड घालायचीय का? वजनावर पैसे देतो."

नाही म्हणेपर्यंत शेजारी जोडवी बघत बसलेल्या काकूंनी डबी उचललीच. "कुठली हो?" चीनची, म्हटलं, कँटनची, शंभरावर वर्षं झाली. झालं!

"चायनाची कसली चांदी? आमच्या भाच्याने चायना मिक्सर आणलेला, आठवड्यात धूर!" मग डबी उलटी केली, चष्मा नाकावर घेतला. "हे बघा, किंमतच छापलीय. नव्वद."

"काकू, ते नव्वद टक्के चांदी."

"तेच म्हणतेय मी, दहा टक्के भेसळ. आणि एवढी भोकं? सुपारी ठेवली तर घरी जाईपर्यंत डबी रिकामी."

आता त्यांना काय सांगणार की ती भोकं म्हणजेच सगळं काम आहे, जंत्रीतून, म्हणजे बारीक भोकांच्या पट्टीतून, केसासारखी तार ओढायची, दोन तारा पिळून चपट्या करायच्या, चिमट्याने एकेक वेटोळं वळवून चौकटीत बसवायचं, टाकणखार लावून फुंकणीच्या ज्योतीवर जोडायचं, आणि आच जरा वर गेली की अख्खी जाळी वितळून गोळा. ओडिशातल्या कटकचे तारकसीवाले, म्हणजे चांदीच्या तारेचं जाळीकाम करणारे, आजही हेच करतात. चांदी कुठून यायची तर गोरे लोक चहाच्या बदल्यात स्पॅनिश डॉलर मोजायचे, ते वितळवून. मुंबईचे पारशीही कापूस नि अफू घेऊन तिकडे जायचे, जमशेटजी जीजीभॉय तर १८०५ मध्ये वाटेत फ्रेंचांच्या तावडीत सापडले होते. ही डबीसुद्धा एका पारशी घरातलीच.

एक गोष्ट मात्र काकूंना मुद्दाम सांगितली नाही. १८०० च्या आसपास कँटनचे सोनार चांदीवर लंडनच्या शिक्क्यांची बिनधास्त नक्कल मारायचे. हे कळलं असतं तर काकूंनी दुकानात पेढे वाटले असते.

पण खरा राग सराफाचा. नवीन पैंजण घ्या, मजुरी लावतो, घट धरतो, वर जीएसटी. जुनं काम नेलं की मजुरी शून्य, नुसतं वजन, आणि जाळीला वजन असतं कुठे? जितकं बारीक काम तितका कमी भाव, हा कुठला हिशोब? डाग द्यायला सांगितलं तर म्हणे एवढ्याशा कामाला कारागीर बसत नाही.

काकू म्हणाल्या, "शंभर देते, बघा. वरचे दहा तुमच्यासाठी."